देणगीची विमाने आणि वैमानिकांचा हिशेब

१९४८ पर्यंत माहूर ज्या संस्थानात होते, त्या संस्थानाचे नाव ब्रिटिश हवाई दलातील एका तुकडीला मिळाले होते, ही गोष्ट मराठवाड्यात आज फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनसाठी निजाम उस्मान अली खान यांनी डी.एच. ९-ए जातीची बाँबफेकी विमाने देणगी दिली. विमानांवर दात्याचे नाव झळकले आणि तुकडीला ‘हैदराबाद’ ही उपाधी लाभली. निजामाचे वैभव अखेर रयतेच्या शेतसाऱ्यावरच उभे होते. आणि त्याच वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला होता, इन्फ्लुएंझाची साथ माणसे नेत होती. तेव्हा त्या देणगीचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला निश्चितच पोहोचतो.

ही तुकडी सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये ट्रेंचर्ड यांच्या स्वतंत्र बाँबफेकी दलात दाखल झाली. जून ते नोव्हेंबर १९१८ या काळातील त्या संपूर्ण दलाचा हिशेब उद्बोधक आहे. शत्रूच्या हद्दीतून १०९ विमाने परतली नाहीत. उलट २४३ विमाने स्वतःच्याच बाजूला मोडली. गोळ्या खाऊन कशीबशी परतलेली काही विमाने यात असतील, आणि प्रत्येक मोडतोडीत माणूस दगावला असेही नाही. तथापि धुके, बंद पडणारे इंजिन आणि नवशिके हात हे शत्रूइतकेच घातक होते, असा निष्कर्ष काढणे भाग आहे.

याची कारणे दैवात शोधण्याचे प्रयोजन नाही. १९१७ च्या प्रारंभी वीस तासांचाही सराव नसलेले तरुण आघाडीवर धाडले जात. गिरक्या घेत कोसळणारे विमान सावरावे कसे, हे अनेकांना कोणी शिकवलेलेच नसे. टेहळणीच्या फुग्यातील सैनिकाला हवाई छत्री मिळे. ब्रिटिश विमानातील वैमानिकाला मात्र ती दिली जात नसे.

अशा मृत्यूंना गौरवही लाभत नाही. इंद्रलाल रॉय यांचे विमान डिसेंबर १९१७ मध्ये कोसळले आणि डॉक्टरांनी त्यांना उड्डाणास अपात्र ठरवले. ते जिद्दीने परतले, जुलै १९१८ मध्ये त्यांनी दहा हवाई विजय मिळवले आणि २२ जुलैला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते लढताना पडले. पहिल्याच अपघातात ते गेले असते, तर त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक असते? मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्याच वर्षी जूनमध्ये युद्धात कामी आले. त्यांचेही स्मरण आपण क्वचितच करतो. पुढे १९३२ मध्ये भारतीय हवाई दल स्थापन झाले. त्याच्या पहिल्या पाच वैमानिकांपैकी भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग हे दोघे १९३३ मध्येच विमान अपघातात मरण पावले. तेव्हा तर युद्धही चालू नव्हते.

युद्धात घाई अटळ असते, असा युक्तिवाद केला जाईल. परंतु गॉस्पोर्ट येथे स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने दुहेरी नियंत्रणाची विमाने वापरून, धोक्याचे प्रसंग मुद्दाम घडवून ते सावरण्याची शिक्षणपद्धती उभी केली, ती १९१७ मध्ये, म्हणजे ऐन युद्धातच. अर्थात उणीव वेळेची नव्हती, प्राधान्याची होती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर विमान हे दिसणारे भांडवल आणि प्रशिक्षण हे न दिसणारे. काटकसरीची कुऱ्हाड नेहमी न दिसणाऱ्यावर पडते, आणि तीच काटकसर शेवटी सर्वांत महाग पडते.

हा धडा जुना झालेला नाही. आपल्या तरुण वैमानिकांना मंदगती विमानांवरून थेट मिग-२१ वर जावे लागते, म्हणून प्रगत प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली. ते ‘हॉक’ विमान आपल्या शेजारच्या बीदरच्या तळावर रीतसर दाखल झाले २००८ मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत गेलेल्या प्राणांचे उत्तरदायित्व कोणाचे?

नव्या लढाऊ विमानांच्या खरेदीची बातमी आली, की आपण त्यांची संख्या आणि किंमत कौतुकाने वाचतो. ती विमाने चालवणाऱ्यांच्या शिक्षणासाठी किती तरतूद केली, हा प्रश्नही सुजाण नागरिकांनी त्याच वेळी विचारला पाहिजे. निजामाच्या रयतेला तो विचारता आला नाही. आपल्याला मात्र संसद आहे आणि मतही आहे.