चहावाल्यांचा संगणक

आज कोपऱ्यावरच्या वाण्याचे बिलही संगणकावर निघते. पण व्यापाराच्या रोजच्या हिशेबाला संगणक सर्वप्रथम कोणी जुंपला? एखाद्या बड्या बँकेने? नाही. हा मान जातो चहा आणि केक विकणाऱ्या लंडनच्या एका कंपनीकडे!

जे. लायन्स अँड कंपनीची ब्रिटनमध्ये चहाची असंख्य दुकाने होती. कपामागे नफा नाममात्र, हिशेब मात्र डोंगराएवढा. १९४७ मध्ये कंपनीने थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड या दोन अधिकाऱ्यांना कचेरीच्या कामाच्या नव्या पद्धती पाहण्यासाठी अमेरिकेला पाठवले. तेथे त्यांना कळले की, हवे तसे यंत्र आपल्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स तयार करीत आहेत! कंपनीने विल्क्स यांना ३,००० पौंड आणि मदतीला एक तंत्रज्ञ दिला. १९४९ मध्ये त्यांचा ‘एडसॅक’ सुरू झाला. त्याच धर्तीवर जॉन पिंकर्टन या अभियंत्याने लायन्ससाठी ‘लिओ’ उभारला.

‘लिओ’मध्ये सुमारे ६,००० व्हॉल्व्ह होते. आकडे लक्षात ठेवायला पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या होत्या. त्यांतून ध्वनिलहरींच्या रूपात आकडे सतत फिरत राहत. नोव्हेंबर १९५१ मध्ये ‘लिओ’ने बेकरीच्या मालाचा हिशेब केला. पुढे पगारपत्रकेही त्याच्याकडे आली. एका कामगाराचा पगार काढायला कारकुनाला ८ मिनिटे लागत. ‘लिओ’ला दीड सेकंद पुरे!

पण यंत्राला काम समजावून सांगणार कोण? ती जबाबदारी डेव्हिड कॅमिनर यांच्यावर होती. कचेरीतले प्रत्येक काम पायरी-पायरीने उलगडून मगच ते प्रोग्रॅम लिहून घेत. १९५२ मध्ये त्यांच्या गटात मेरी कूम्ब्स आल्या. त्यांची पदवी होती फ्रेंच भाषेची! व्यापारी कामाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री मानल्या जातात.

लायन्सने १९५४ मध्ये संगणकांची वेगळी कंपनीच काढली. पण हा खर्च चहावाल्यांना फार काळ झेपला नाही. १९६३ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि १९६८ मध्ये आयसीएल या ब्रिटिश कंपनीत सामावली गेली. याच आयसीएलची भारतीय शाखा पुण्यात संगणक बनवीत असे.

‘लिओ’ कधीच मोडीत निघाला. पण आपले नेमके कुठे अडते, हे लायन्सने आधी ओळखले आणि यंत्र मागाहून केले. संगणक विकत घेताना हा क्रम आपण किती जण पाळतो?