दमास्कसची गादी आणि ‘आपला माणूस’

६ डिसेंबर २०२४ ला चैत्यभूमीवर अभिवादन करून नागपूरची मंडळी परतीच्या गाडीत बसली. त्यांचा प्रवासाचा शीण उतरण्याच्या आतच, ८ तारखेला बातमी आली : सीरियाचा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद विमानाने रशियाला पळून गेला. बापाची आणि लेकाची मिळून ५४ वर्षांची राजवट दहा-बारा दिवसांत कोसळली. आम्ही हा विषय काढला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, “दादा, सीरियाचे आपल्याला काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला थोडे मागे जावे लागते.

सीरियावर चारशे वर्षे तुर्की सुलतानांचा अंमल होता. पहिल्या महायुद्धात तो संपला. मार्च १९२० मध्ये दमास्कसला तेथील प्रतिनिधींनी काँग्रेस भरवून स्वातंत्र्य जाहीर केले आणि फैजलला राजा नेमले. त्याच उन्हाळ्यात, ३० मे ते १ जून १९२० या दिवसांत, आपल्या नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती आणि तरुण भीमराव आंबेडकर तिथे हजर होते. इकडे बहिष्कृत माणूस आपल्या तोंडाने बोलू लागला. तिकडे मात्र २४ जुलैला मैसलूनच्या लढाईत फ्रेंच फौजेने नवे राज्य चिरडले. त्या लोकांना काय हवे हे विचारायला १९१९ मध्ये एक अमेरिकन आयोग गावोगाव फिरला होता. त्याचा अहवाल कोणी विचारात घेतला नाही. असे अहवाल आपल्या परिचयाचे आहेत.

फ्रेंचांनी देशाचे तुकडे पाडले. दमास्कसचे राज्य वेगळे, हलबचे वेगळे, द्रूझ लोकांचे वेगळे आणि अलवी लोकांचेही वेगळे. या अलवींची गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ऐकावी. ते समुद्राकाठच्या डोंगरात राहणारे. त्यांचा पंथ वेगळा, म्हणून मौलवी त्यांना धर्मबाह्य ठरवीत. जमीन दुसऱ्याची आणि कष्ट यांचे. गरिबीपायी बापांना आपल्या लहान मुली शहरातील श्रीमंतांच्या घरी धुणीभांड्याला ठेवाव्या लागत. हे वाचताना आपल्या आज्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

अशा समाजाला वर यायला एकच दार उघडे होते, फौजेचे. फ्रेंचांनी मुद्दाम अल्पसंख्याकांची पोरे सैन्यात घेतली, आणि पुढे होम्सच्या लष्करी शाळेत फी नसल्यामुळे गरिबांची हुशार मुले तिकडेच गेली. फौजेची भाकरी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली तेव्हा आपल्या पूर्वजांनी अर्जांवर अर्ज केले, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे ते दार पुन्हा नीट उघडले. फरक एवढाच, की बाबासाहेबांनी आपल्याला फौजेच्या दारातच थांबू दिले नाही. त्यांनी शाळा दिली, परिषद दिली, पक्ष दिला.

१७ एप्रिल १९४६ ला शेवटचा फ्रेंच सैनिक गेला आणि सीरिया खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला. आता १९४९ हे साल पाहा. त्या एका वर्षात सीरियात मार्च, ऑगस्ट आणि डिसेंबर असे तीन वेळा लष्करी उठाव झाले. प्रत्येक सेनाधिकारी म्हणे, मी देशाचा तारणहार. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला बाबासाहेब दिल्लीत घटना समितीपुढे उभे राहून सांगत होते, की माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडेच नेते. सीरियाचे नाव त्यांनी घेतले नव्हते. पण पुढची पाऊणशे वर्षे सीरियाच्या माणसांनी त्या इशाऱ्याचा अर्थ स्वतःच्या अंगावर भोगला.

१९५८ मध्ये इजिप्तच्या नासरशी एकीकरण झाले ते सीरियातील सगळे राजकीय पक्ष बरखास्त करून. १९६१ मध्ये ते मोडले. १९६२ मध्ये हसाका प्रांतात एका दिवसाची खास जनगणना करून सुमारे १ लाख २० हजार कुर्द लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. काल देशाचे असलेले लोक आज आपल्याच गावात परके झाले, आणि त्यांच्या मुलाबाळांचीही तीच गत झाली. कागद जपून ठेवा असे आमची आई का म्हणत असे, ते अशा वेळी कळते.

८ मार्च १९६३ ला बाथ पक्षाने सत्ता घेतली आणि आणीबाणी लावली, ती २०११ पर्यंत उठली नाही. आपल्याकडची १९७५ ची आणीबाणी एकवीस महिन्यांची होती, तिची ४८ वर्षे झाली असती तर, अशी कल्पना करावी. १९७० मध्ये याच पक्षातला हाफिज अल-असद गादीवर बसला. तो अलवी, गरीब डोंगरी गावातला. खेड्यात शाळा गेल्या, वीज गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. डोंगरातल्या माणसाला वाटले, आता आपला माणूस आला. पण चौकाचौकांत त्याचे पुतळे उभे राहिले, आणि १९८२ मध्ये हमा शहरात बंड झाले तेव्हा त्याच्या फौजेने हजारो माणसे मारली. १० जून २००० ला तो वारला. राज्यघटनेत अध्यक्षाचे वय किमान ४० हवे असे होते आणि मुलगा होता ३४ वर्षांचा. त्याच दिवशी घटना बदलून वय ३४ केले! घटना म्हणजे काय आणि घटनेची थट्टा म्हणजे काय, हे विहारातल्या मुलांना शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

२०११ मध्ये दरा गावच्या शाळकरी पोरांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिले म्हणून त्यांना पकडून मारले. तेथून आंदोलन पेटले आणि पुढे त्याचे युद्ध झाले. लाखो माणसे मेली आणि निम्म्याहून अधिक जनता घरादाराला मुकली. राजवट पडल्यावर सैदनाया तुरुंगाच्या दारात आया मुलांचे फोटो घेऊन धावल्या. बहुतेकींना मुले सापडली नाहीत.

आणि ‘आपल्या माणसा’च्या समाजाचे काय झाले? मार्च २०२५ मध्ये समुद्रकाठच्या अलवी वस्त्यांत हजाराहून अधिक माणसे मारली गेली, कित्येक जण आपापल्या घरातच. मोठे लोक विमानाने निघून गेले होते. हिशेब चुकता केला तो गल्लीतल्या गरिबाने. त्याचा गुन्हा एवढाच, की तो राजाच्या जातीचा होता.

म्हणून त्या तरुणाला आम्ही म्हणालो, बाबा रे, सीरियाचे आपल्याला फार काही आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला याच नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे पडू लागले. १९९८ मध्ये ऐक्य झाले तर महाराष्ट्रातून चार खासदार निवडून आले, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा चार दिशा झाल्या. दर वेळी भांडण झाले ते नेता कोण यावर. कार्यक्रम काय, ठराव कोणता, यावर आम्ही तरी कोणाला भांडताना पाहिले नाही. आमच्याच वस्तीतील एका समितीचे अध्यक्ष बदलल्याचे आम्हाला आठवत नाही. त्यांना हार घालण्यात आम्हीही पुढे होतो, हे इथे कबूल केले पाहिजे.

वास्तविक ठरावांची रीत आपल्याच शहरात होती. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद भरली. हजारो बायाबापड्या जमल्या होत्या, बहुतेक निरक्षर. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, अनेक बायका करण्याची चाल बंद करा म्हटले, गिरणीतल्या बाईला हक्काची रजा मागितली. हे ठराव आज किती घरांत ठाऊक आहेत?

येत्या २० जुलैला प्रत्येक वस्तीच्या विहारात ते मोठ्याने वाचावेत, आणि वाचायला घरातील सुनेला नाहीतर शाळकरी मुलीला उभे करावे. अध्यक्षांचा सत्कार त्या दिवशी ठेवला नाही तरी चालेल.