शुद्धतेच्या नावाखाली उधळपट्टी

रविवारची मध्यरात्र. तारापूर, वाळूज किंवा गोव्यातील वेरणा, अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत जावे आणि गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या कुंपणापाशी उभे राहून कान द्यावा. आत गोळ्या पाडणारी यंत्रे थांबलेली असतात, कामगार घरी गेलेले असतात, दिवे मालवलेले असतात. पण छतावरचे प्रचंड पंखे घोंघावत असतात, चिलर धडधडत असतात, बॉयलरच्या धुराड्यातून धूर निघत असतो. रिकाम्या खोल्यांतून गाळलेली, गार केलेली, कोरडी केलेली हवा रात्रभर फिरत राहते. हे कोणासाठी चालले आहे, असे विचारले तर अनेक कारखान्यांत एकच उत्तर मिळते, “जीएमपी आहे, साहेब!” उत्तम उत्पादन पद्धतीचे हे तीन अक्षरी नाव उच्चारले की पुढचा प्रश्न संपतो. आमचे म्हणणे असे की, खरा प्रश्न तेथूनच सुरू झाला पाहिजे.

वीज जाते कोठे?

औषधी कारखान्यातील वीज औषध बनवण्यात खर्च होत असेल, असे सामान्य वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. गोळ्या-कॅप्सूलच्या कारखान्यात विजेचा निम्म्याहून अधिक वाटा बहुतेक वेळा वातानुकूलन यंत्रणाच खाते. येथे हवा नुसती गार करून भागत नाही. ती गाळावी लागते, खोल्या-खोल्यांमधील तिचा दाब राखावा लागतो, तिच्यातील बाष्प काढावे लागते. पावसाळ्यातील दमट हवेचे बाष्प काढायचे, तर ती आधी अतोनात गार करायची आणि बाष्पाचे पाणी होऊन गळाले की तीच हवा वाफेने वा विजेने पुन्हा गरम करायची. म्हणजे एका हाताने थंडी विकत घ्यायची आणि दुसऱ्या हाताने उष्णता! त्याच वेळी, चिलरने इमारतीतून उपसून काढलेली उष्णता मात्र कूलिंग टॉवरवरून आकाशात सोडून द्यायची. ती उष्णता परत वापरण्याचे तंत्र जुने आहे, देशात उपलब्ध आहे. तरीही कित्येक कारखान्यांत ते दिसत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

वीस या आकड्याचे सोवळे

या उधळपट्टीचे मूळ एका आकड्यात आहे. खोलीतील हवा तासाला वीस वेळा बदलली पाहिजे, हा तो आकडा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली निर्जंतुक औषधांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत, निर्जंतुक विभागाला लागून असलेल्या साहाय्यक खोल्यांसाठी तासाला किमान वीस हवाबदल सामान्यतः पुरेसे मानले आहेत. इंजेक्शने भरणाऱ्या विभागांच्या संदर्भात हा आकडा सार्थ आहे. पण तो तेथून उचलून गोळ्यांच्या, पॅकिंगच्या आणि साठवणीच्या खोल्यांनाही सरसकट चिकटवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेची वातानुकूलनविषयक मार्गदर्शिका सहा ते वीस अशी व्याप्ती सांगते. आपल्याकडे मात्र आराखडा करणारा वीस धरतो आणि ‘असू द्यावे हाताशी’ म्हणून त्यावर आणखी चार-पाच चढवतो. युरोपीय संघाने २०२२ साली सुधारलेला आणि ऑगस्ट २०२३ पासून लागू केलेला निर्जंतुक औषधांचा नियमसंग्रहदेखील हवाबदलांचा ठरावीक आकडा लादत नाही. गढूळ झालेली खोली किती वेळात पूर्ववत स्वच्छ होते, ते मोजून सिद्ध करा, असे तो सांगतो.

सोवळ्याचा मूळ हेतू स्वच्छतेचा होता. हेतू विसरला गेला की नुसते कर्मकांड उरते. समाजातील अशा कर्मकांडाची थट्टा करणारे आमचे सुशिक्षित व्यवस्थापक कारखान्यात मात्र नेमके तेच करतात. हवेतील धूलिकण मोजण्याचे यंत्र त्यांच्याजवळ असते. खोली मर्यादेपेक्षा कितीतरी स्वच्छ असल्याचे ते वर्षानुवर्षे सांगत असते. पण त्यावरून पंख्याचा वेग कमी करावा, असे कोणाला सुचत नाही. सुचले तरी धीर होत नाही.

आता हिशेब पाहा. पंख्याने ढकललेल्या हवेचे प्रमाण आणि त्याला लागणारी शक्ती यांचे नाते घनाचे आहे. हवा वीस टक्क्यांनी कमी केली, तर लागणारी शक्ती वीस टक्क्यांनी नव्हे, तर जवळजवळ निम्म्याने घटते. १५ किलोवॉट शक्ती घेणारा एकच पंखा अहोरात्र, वर्षभर चालला तर १,३१,४०० युनिट वीज खातो. हवा पाचव्या हिश्शाने कमी केल्यास या गणिताने सुमारे ६४,००० युनिट वाचतात. आपल्या देशातील विजेच्या प्रत्येक युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला सुमारे ४५ टन कर्बवायू आणि युनिटला आठ रुपये धरले तर पाच लाखांहून अधिक रुपये. फिल्टरचा रोध, दाबातील फरक यांमुळे प्रत्यक्ष बचत काहीशी कमी भरेल, हे मान्य. पण एका कारखान्यात असे पंखे डझनावारी असतात, आणि हवा कमी झाली की ती गार करण्याचा आणि पुन्हा तापवण्याचाही खर्च घटतो, हेही तितकेच खरे.

“औषधाशी तडजोड?”

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. रुग्णाच्या जिवाशी खेळून वीज वाचवायची काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तरही गंभीरपणेच दिले पाहिजे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने कोवळ्या बालकांचे बळी घेतले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. २०२२ साली गांबियातील बालमृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या इशाऱ्यातही याच विषाचे नाव होते. हे विष हवेतून येत नाही. ते द्रावक म्हणून घेतलेल्या, न तपासलेल्या कच्च्या मालाच्या पिंपातून येते. तासाला वीस काय, दोनशे वेळा हवा बदलली असती तरी ते निघाले नसते. ते निघाले असते प्रयोगशाळेतील एका प्रामाणिक चाचणीने. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत आहे. आम्ही शुद्धतेत काटकसर मागत नाही. शुद्धतेचा पैसा शुद्धतेवरच खर्च व्हावा, एवढेच मागतो. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या हवेवर उधळलेले लाखो रुपये चाचणीच्या उपकरणांवर आणि प्रशिक्षित रसायनतज्ज्ञांवर लागले, तर रुग्ण अधिक सुरक्षित होईल की कमी?

नियम दगडावरची रेघ आहेत, हेही खरे नाही. इंजेक्शनसाठी लागणारे पाणी ऊर्ध्वपातनानेच तयार झाले पाहिजे, असा युरोपीय औषधकोशाचा दंडक होता. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. त्यातील काही पुन्हा वापरता येते, तरी इंधनाचा खर्च मोठाच. पटलांतून पाणी गाळण्याची पद्धत तितकीच विश्वसनीय असल्याचा पुरावा पुढे आला आणि एप्रिल २०१७ पासून त्या औषधकोशाने ती मान्य केली. पुरावा घेऊन गेले की नियामक ऐकतो. पुरावा गोळा करण्याचा आळस मात्र नियामकाच्या माथी मारता येत नाही.

मूळ औषधद्रव्ये बनवणाऱ्या कारखान्यांची कथा याहून मोठी आहे. तेथे एक किलो औषधामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही अधिक टाकाऊ पदार्थ निघतात. त्यांत मोठा भाग द्रावकांचा असतो, आणि ती द्रावके तापवणे, उडवणे, पुन्हा गोळा करणे यांत वाफ खर्च होते. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक पूर्वी सहा टप्प्यांत बनत असे आणि कच्च्या मालातील अणूंपैकी वजनाने जेमतेम ४० टक्के औषधात उतरत. पुढे तीन टप्प्यांची प्रक्रिया निघाली, हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले आणि १९९७ साली तिला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. १९७० च्या पेटंट कायद्याचा आधार घेऊन पर्यायी प्रक्रिया शोधण्यात ज्या भारतीय रसायनतज्ज्ञांनी जगाला थक्क केले, त्यांना हे अशक्य आहे काय?

दुसऱ्याच्या प्रमाणपत्रासाठी नव्हे

या विषयात पाश्चात्त्यांचा उपदेश आपल्याला ऐकावा लागतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने एप्रिल २०२४ पासून आपल्या नव्या खरेदीत पुरवठादारांकडून कार्बन-कपातीचा आराखडा मागण्याची व्याप्ती वाढवली. २०२८ पासून प्रत्येक वस्तूचा कार्बन-भार सांगावा लागणार आहे. उपदेश करणाऱ्यांचे घर कसे आहे? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली मोठ्या बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांचा २०१५ चा हिशेब मांडला. दहा लाख डॉलर उलाढालीमागे त्यांचे उत्सर्जन सुमारे ४८.५ टन, तर वाहन उद्योगाचे ३१.४ टन निघाले. दरडोई कर्बवायूत अमेरिकन माणसाचा वाटा भारतीयाच्या सुमारे सातपट आहे. तेव्हा त्यांनी आपल्याला नीतिपाठ देण्याचे कारण नाही.

परंतु दुसऱ्याचे ढोंग हे आपल्या आळसाचे समर्थन होऊ शकत नाही. आपल्याला ही काटकसर आपल्याच कारणासाठी हवी आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन बनू लागले, तेव्हा तो स्वावलंबनाचा मानबिंदू होता. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिनचे उत्पादन बंद पडले, आणि आज आपण आयात करत असलेल्या मूळ औषधद्रव्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश चीनमधून येतात. किण्वनाने बनणाऱ्या औषधांना अहोरात्र दाबाखालची निर्जंतुक हवा, घुसळण आणि शीतन लागते. म्हणजेच वीज लागते. केंद्र सरकारने २०२० साली ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली आणि किण्वनजन्य औषधांना पहिली चार वर्षे २० टक्के साहाय्य दिले. साहाय्य सरते, विजेचे बिल सरत नाही. वीज उधळणारा कारखाना अनुदानाच्या काठीशिवाय उभा राहणार नाही, आणि जो स्वतःच्या पायावर उभा नाही तो देशाला काय स्वावलंबी करणार?

हीच वेळ

डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित ‘शेड्यूल एम’ अधिसूचित झाले. लघु व मध्यम उद्योगांची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. या निमित्ताने देशभर जुने कारखाने नव्याने बांधले जात आहेत, नवी वातानुकूलन यंत्रणा बसत आहे. आज बसलेली यंत्रणा पंधरा-वीस वर्षे चालते. आज चुकलेला आकडा पुढची पिढी भरत राहील.

म्हणून केंद्रीय आणि राज्य औषध नियामकांनी लेखी स्पष्ट करावे की, मोजमापाने सिद्ध झालेला कमी हवाप्रवाह आणि सुट्टीच्या काळात दाब राखून मंदावलेले पंखे हा दोष मानला जाणार नाही. तोंडी आश्वासनावर कोणताही लघुउद्योजक परवाना पणाला लावणार नाही. मार्च २०२४ मध्ये सुधारलेल्या तंत्रज्ञान उन्नयन योजनेतून वातानुकूलन, पाणी आणि वाफ यांच्या यंत्रणांसाठी एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्याला ऊर्जेच्या मोजमापाची अट जोडावी. २०२३ साली अधिसूचित झालेल्या कार्बन-व्यापार योजनेसाठी प्रथम निवडलेल्या नऊ क्षेत्रांत पोलाद, सिमेंट, वस्त्रोद्योग आहेत, औषधनिर्मिती नाही. निदान एक हजार गोळ्यांमागे किती युनिट वीज, असा मानदंड तरी ठरवावा.

उद्योजकांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. येत्या रविवारी रात्री त्यांनी स्वतः आपल्या कारखान्याच्या छतावर जावे. खाली एकही गोळी बनत नसताना वर किती पंखे फिरत आहेत, ते मोजावे, आणि सोमवारी सकाळी आपल्या अधिकाऱ्यांना विचारावे, “हे कोणासाठी?” उत्तरादाखल पुन्हा तीच तीन अक्षरे ऐकू आली, तर धूलिकणांच्या मोजणीचा कागद मागून घ्यावा.