उच्चारांची उतरंड आणि आपला कान

फेब्रुवारी 2025 मध्ये एक बातमी आली. टेलिपरफॉर्मन्स या बड्या कॉल सेंटर कंपनीने भारतीय कर्मचाऱ्यांचे इंग्रजी उच्चार बोलता बोलताच बदलणारे एआय तंत्र वापरायला घेतले. घसा आपला, राबणूक आपली. पण आवाज मात्र गोऱ्या ग्राहकाच्या सोयीचा!

आपल्या समाजाला हे नवे नाही. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटले म्हणून वर्ग ज्यांना हसला, त्यांना उच्चारांची उतरंड कोणी समजावून सांगावी लागत नाही. 'ण'चा 'न' झाला की लगेच बोलणाऱ्याची जात शोधली जाते. अशी उतरंड इंग्रजांच्या घरातही आहे. लिव्हरपूल, ग्लासगोच्या कामगार वस्तीतील बोलीला तिथले उच्चभ्रू नाके मुरडतच आले. तेव्हा 'शुद्ध इंग्रजी' हाही एका वर्गाचाच दावा आहे, हे ओळखले पाहिजे.

परंतु एवढे ओळखून भागत नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसमोर आयईएलटीएससारखी परीक्षा उभी असते. तिच्या श्रवण विभागात 40 प्रश्न, सुमारे 30 मिनिटे आणि ध्वनिफीत एकदाच! आवाज कधी ब्रिटिश, कधी ऑस्ट्रेलियन, कधी अमेरिकन. अमेरिकन माणूस 'वॉटर'चे 'वॉडर' करतो. लंडनवाला 'कार'मधला 'र' गिळतो. ऑस्ट्रेलियनाचा 'टुडे' आपल्या कानाला 'टुडाय' वाटतो. आपल्या मुलांनी इंग्रजी पुस्तकातून कष्टाने मिळवली. ती घरात कधी ऐकलीच नाही. मग वाचनात पुढे असलेला विद्यार्थी ऐकण्यात मागे पडतो आणि स्वतःलाच 'ढ' समजू लागतो. हा बुद्धीचा दोष नव्हे, संधीचा अभाव आहे.

यावर उपाय नक्कल करण्याचा नाही, कान तयार करण्याचा आहे. मोबाईलवर पाच मिनिटांची एकच ध्वनिफीत घ्या. आधी मजकूर न पाहता ऐका. मग ऐकू आले तेवढे लिहून काढा. नंतर छापील मजकुराशी ताडून पुन्हा ऐका. एक आठवडा लंडन, दुसरा न्यूयॉर्क, तिसरा सिडनी. नायजेरियाही सोडू नका, कारण परदेशातील वर्गात शेजारी तोही बसणार आहे. वऱ्हाडी माणसाला मालवणी जशी ऐकून ऐकून कळू लागते, तसेच हे आहे.

बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला आणि 1916 मध्ये लंडनला शिकायला गेले. 1955 मध्ये बीबीसीने घेतलेली त्यांची मुलाखत आजही ऐकता येते. त्या इंग्रजीत साहेबाच्या उच्चारांची उसनवारी नाही. जगाचे ऐकून घेतलेला आणि स्वतःच्या आवाजात जगाला सुनावणारा तो माणूस आहे.

सामाजिक न्याय विभागाने प्रत्येक वसतिगृहात श्रवण सरावाची खोली द्यावी, ही मागणी संघटनांनी लावून धरलीच पाहिजे. पण शासनाची वाट पाहत बसायचे कशाला? विहारातील अभ्यासिकेत एक स्पीकर आणि रोजचा अर्धा तास, एवढ्यावर सुरुवात होते. कान जगाचा करा. जीभ मात्र गहाण टाकू नका!