मुलाखतीत काय विचारतात, हे गुपित कशासाठी?

पीएच.डी. प्रवेशाचे दिवस आले की माजी विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. पेट किंवा नेट झालेली असते, मुलाखतीची तारीख लागलेली असते आणि प्रश्न एकच असतो, ‘सर, आत काय विचारतील?’ मी तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, कारण आत जाऊन आलेल्या मुलामुलींकडून ते वर्षानुवर्षं गोळा झालंय. विद्यापीठाच्या सूचनेत मात्र ते नसतं. तिथे तारीख, वेळ, मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचे संच, एवढंच. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आधी उत्तर देऊन टाकतो. समोर चार-पाच जण असतात आणि वेळ बहुधा दहा-पंधरा मिनिटं. पहिला प्रश्न विषयाचा : हाच का निवडला? दुसरा : यावर आजवर काय काम झालंय आणि तुम्ही नवं काय करणार? तिसरा पद्धतीचा : नमुना कसा निवडणार, कागदपत्रं कुठे मिळणार, तीन वर्षांत हे होणार का? मग एखादी मूळ संकल्पना, एम.ए.च्या अभ्यासक्रमातली. मग अलीकडे वाचलेलं पुस्तक. शेवटी मार्गदर्शक कोण हवेत. यातला एकही प्रश्न गैर नाही, आणि एकही असा नाही की जो आठवडाभर आधी छापून दिला तर त्याची किंमत कमी होईल. ‘तुमच्या विषयावर आधी काय काम झालंय?’ हे आधी कळलं म्हणून कुणाला फसवता येत नाही. उलट वाचूनच यावं लागतं.

मग गुपित कुणापासून? ज्याचे वडील प्राध्यापक आहेत, जी त्याच विभागात एम.ए. झाली, ज्याचं मार्गदर्शकांशी आधीच बोलणं झालंय, त्यांना हे सगळं ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते घरातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्यांना. म्हणजे मुलाखत सुरू होण्याआधीच तिचे काही गुण वाटून झालेले असतात.

उरलेले कशाला मिळतात? माझी एक विद्यार्थिनी सोयाबीनच्या भावावर आणि गावातल्या आडत्यांच्या उधारीवर काम करणार होती. तिने त्या उधारीच्या वह्या स्वतः पाहिल्या होत्या. तिला सांगितलं गेलं, ‘इंग्लिशमध्ये बोला.’ पुढचा प्रश्न, ‘लग्नाचं काय? पुरं करणार का हे?’ वह्यांबद्दल कुणी विचारलंच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं अशा मुलांबद्दल सहज म्हटलं जातं. इथे आड भरलेला होता. पोहरा गळका होता, आणि तो विद्यापीठाचा होता.

अनुभवी माणसाला पाच मिनिटांत विद्यार्थी ओळखता येतो, असं आमच्या क्षेत्रातले ज्येष्ठ सांगतात. या आत्मविश्वासाची एक परीक्षा नकळत होऊन गेली आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर असतं. १९७९ साली टेक्सास राज्यात ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली आणि वरच्यांना प्रवेश दिला. नंतर विधिमंडळाने आणखी ५० जागा भरायला लावल्या. तोवर यादीतले चांगल्या क्रमांकाचे इतरत्र गेले होते, म्हणून तळातल्यांना घ्यावं लागलं. पुढे त्या ५० जणांची आधी निवडलेल्यांशी तुलना झाली आणि १९८७ साली ती ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अभ्यासात आणि पुढच्या कामगिरीत म्हणावा असा फरक सापडला नाही. क्रमवारीतलं अंतर मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांच्या मतामुळे पडलेलं होतं. ती मतं बाजूला ठेवून निवडलेली मुलंही तितकीच चांगली डॉक्टर झाली.

आपल्याकडे हे कळायला परदेशात जाण्याचीही गरज नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या, आईवडील कोण आणि राहता कुठे असं विचारलं, अशी तक्रार घेऊन विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. अजय हासिया खटल्याच्या १९८०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी ठरेल. आणि मुलाखती टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केल्या तर बरं. तो निकाल शाळेतून आलेल्या मुलांच्या प्रवेशाचा होता, पीएच.डी.चा नव्हे, हे मान्य. पण दोन-तीन मिनिटांत माणूस न कळण्याचा वयाशी काय संबंध?

जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मुलाखतीला ३० गुण होते. २०१६ साली तिथल्याच अब्दुल नफे समितीने प्रवेशाची आकडेवारी तपासली. तोंडी परीक्षेत भेदभाव होत असल्याची चिन्हं तिला दिसली आणि हे गुण ३०वरून १५वर आणावेत अशी शिफारस तिने केली. झालं उलटंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनी लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवली आणि निवड मुलाखतीवर सोपवली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०१८मध्ये ७०:३० हे प्रमाण आलं. २०२२च्या नियमांतही तेच आहे. जेआरएफ मिळवणाऱ्यांची निवड मात्र मुलाखतीवरच होऊ शकते.

तीसच तर गुण आहेत, असं कुणी म्हणेल. हिशेब करून पाहू. लेखीत एकाला ७०पैकी ५२, दुसऱ्याला ४६. मुलाखतीत पहिल्याला ३०पैकी ८, दुसऱ्याला २४. बेरीज ६० आणि ७०. मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांचे लेखी गुण जवळजवळच असतात, त्यामुळे कागदावर तीस टक्के असलेली मुलाखत प्रत्यक्षात निकाल ठरवते.

मुलाखत बंद करा, असं माझं म्हणणं नाही. नेटमध्ये १५० बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांतून कुणाला संशोधन जमेल हे कळत नाही. शिवाय मार्गदर्शकाला त्या विद्यार्थ्याबरोबर अनेक वर्षं काढायची असतात. बोलून पाहायलाच हवं. पण बोलून पाहणं वेगळं आणि आत बसलेल्यांच्या मर्जीवर सोडणं वेगळं.

मागण्या साध्या आहेत. कशाला किती गुण, हे आधी जाहीर करा. चार-पाच मुख्य प्रश्न सगळ्यांना तेच विचारा आणि ते कळवून ठेवा. प्रत्येक सदस्याने आपले गुण चर्चेआधी स्वतंत्र लिहावेत. जिथे प्रबंध मराठीत लिहिता येतो, तिथे मुलाखतही मराठीत देता यावी. लग्न, मूलबाळ, आडनाव, गाव यांवरचे प्रश्न बंद. आणि सगळं ध्वनिमुद्रित करा. १९८०मध्ये त्यासाठी टेपरेकॉर्डर आणावा लागला असता. आता प्रत्येक सदस्याच्या खिशात फोन आहे. यातल्या एकाही गोष्टीला नव्या निधीची किंवा दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. विभागाची एक बैठक पुरे.

तोवर मुलाखतीला निघालेल्यांना एवढंच सांगतो. गुणांची विभागणी कशी आहे, हे विभागाला आधीच ई-मेल करून विचारा. उत्तर आलं नाही तरी विचारल्याची नोंद राहते. बाहेर पडल्यावर विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच दिवशी वहीत उतरवा. निकालानंतर माहिती अधिकारात आपले लेखी आणि मुलाखतीचे गुण वेगवेगळे मागा. आणि ती वही पुढच्या वर्षी जाणाऱ्याला द्या. विद्यापीठ छापत नसेल, तर आपण छापू.