बोट हाताचं, बोट पायाचं

इंग्रजीच्या तासाला आमच्या मुखेडच्या एका लेकरानं 'पायाचं बोट' याचं 'फिंगर ऑफ लेग' असं भाषांतर केलं. मी लाल फुली मारली. पुढं आठवडाभर त्या लेकरानं वर्गात हात वर केला नाही.

चुकलं कोण? मराठीत हाताचं बोट अन् पायाचंही बोटच. इंग्रजीत फिंगर वेगळं, टो वेगळा. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्या भाषेतही दोन्हींना एकच शब्द, 'पालेत्स'. आपण म्हणतो, 'बोट दिलं की हात धरतो'; पोलिश माणूसही तेच म्हणतो. इंग्रजीत मात्र तिथं इंच आणि मैल येतात.

म्हणजे लेकराचा विचार बरोबर होता. इंग्रजीत इथं दोन शब्द आहेत, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

म्हणून फुली मारण्याआधी एकदा विचारा, "बाळा, हे कसं ठरवलंस?" वाक्प्रचाराला शब्दाला शब्द लावू नका. आधी अर्थ विचारा, मग तोच अर्थ इंग्रजीत कसा सांगतात ते दाखवा. घरी पालकांनीही एवढं करावं. लेकरू पुन्हा हात वर करील.