जामीन होऊ द्या, पैसे कुठे आहेत ते सांगा

ऑनलाइन फसवणुकीतल्या आरोपीला जामीन झाला, की आमच्याकडे सगळे न्यायाधीशांच्या नावाने बोटं मोडतात. मला हा राग मान्य नाही. गुन्हा शाबीत होण्याआधी माणसाला महिनोन्महिने कोठडीत कुजवायचं, तर उद्या माझ्या पोरावर ती वेळ आली की मी कुठल्या तोंडाने बोलणार? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. फसवणुकीचं कलम, न्याय संहितेचं ३१८(४), सात वर्षांचंच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड तर तीन वर्षांचं, म्हणजे जामीनपात्र. जामीन होणारच. संताप येतो तो जामिनानंतर तपास थंड पडतो त्याचा.

नागावला माझी कॉटेजेस आहेत. सुट्टीच्या शनिवारी फाटकाशी गाडी थांबते. पुण्याचं कुटुंब, मागच्या सीटवर अवघडून बसलेली आजी, कधी एकदा समुद्रावर पळतो असं झालेली मुलं. बाप मोबाइल पुढे करतो. त्यात माझ्या वाडीतला झोपाळा, माझी विहीर, माझ्या पोफळी आणि खाली नंबर भलत्याचाच! निम्मे पैसे आगाऊ गेलेले. बायकोसमोर त्या माणसाचा चेहरा उतरतो आणि तो विचारतो, "दादा, मग आम्ही पैसे दिले कुणाला?"

याचं उत्तर तपासाने द्यायचं असतं, आणि तेच मिळत नाही. १९३० वर ताबडतोब फोन गेला तर रक्कम वाटेत गोठवता येते. उशीर झाला की ती या खात्यातून त्या खात्यात पळते. मग हाती लागतो तो चार पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेला एखादा बेकार पोरगा. त्याला अटक, त्याला जामीन, आणि फाइल कपाटात. सूत्रधाराला धक्काही लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. हे ठाऊक असून निरीक्षक वाढवायचे नाहीत, ही सरकारची बेपर्वाई आहे. २०२४ या एका वर्षात देशात सायबर चोरांनी २२,८४५ कोटी रुपये लुटले, असं केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलं. आणि चोर सगळे दूरचे असतात असंही कुणी समजू नये. अलिबागजवळच्या परहूरला २०२५ मध्ये एका रिसॉर्टमधूनच अमेरिकेतल्या लोकांना गंडवणारं बनावट कॉल सेंटर पकडलं गेलं.

काहीजण म्हणतात, पैसे भरायला लावा आणि मगच सोडा. तो रस्ताही बंद झाला आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच गजानन गोरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, असं खालच्या न्यायालयांना सुनावलं. योग्यच केलं. तसं चाललं असतं तर पैसेवाला सुटला असता आणि गरीब आत राहिला असता.

मग फसलेल्याने करायचं काय? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०७ आहे. पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीने तपास अधिकाऱ्याने अर्ज करावा, न्यायालयाने गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करावी, आणि न्यायालयाचा आदेश मिळताच जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत ती फसलेल्यांना वाटावी. आरोपी जामिनावर बाहेर असला तरी याला आडकाठी नाही. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. तो वापरायचा नसेल तर केला कशाला?

फसलेल्यांनीही 'जाऊ दे, पाच हजारच तर गेले' म्हणून घरी बसू नये. जामिनाच्या सुनावणीत तक्रारदाराला म्हणणं मांडायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे. तो मागा. आणि रायगडच्या पोलीस अधीक्षकांनी ऑनलाइन फसवणुकीच्या किती गुन्ह्यांत कलम १०७ खाली अर्ज केले आणि किती लोकांच्या हातात पैसे परत पडले, हे दोन आकडे जिल्ह्यापुढे ठेवावेत.